आधी विषय सांगा

पहिल्या भेटीत सरांनी मला दारातच थांबवलं आणि एक पाऊल डावीकडे सरकायला सांगितलं. जिन्याच्या खिडकीतून तिथे ऊन येत होतं. ते माझ्या तोंडावर नीट पडलंय अशी खात्री झाल्यावर ते म्हणाले, "हं. आधी विषय सांगा, मग वाक्य."

मी खालची खोली बघायला आले होते. दोन दिवस पनवेलभर फिरून पायांचे तुकडे पडले होते आणि हा गृहस्थ मला तोंडी परीक्षेला बसवत होता. डोक्यात तिडीकच गेली. पण गरज माझी होती. म्हटलं, "विषय, खोली. वाक्य, खालची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, ती बघायला आले." सरांचा चेहरा खुलला. कुठल्या तुम्ही, म्हणून विचारलं. साताऱ्याची म्हटल्यावर म्हणाले, वाटलंच, स्वच्छ बोलता. आता आम्ही साताऱ्याकडचे लोक बोलतो म्हणजे काय, आमच्या घरात कुणी मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन येते. पण त्या आवाजाचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी केलं होतं. खोली मी पाचव्या मिनिटाला पक्की केली.

जाताना मी त्यांना 'काका' म्हटलं, तर तिथल्या तिथे दुरुस्ती झाली. काका नाही, सर. जन्मभर शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळी गल्ली त्यांना सरच म्हणायची. त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या. त्या नुसत्या हसल्या. सरांनीच सांगितलं की हिचा घसा गेलाय, हिला फार बोलायला लावू नका.

वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत ते दोन मजली घर. वर ते दोघं, खाली मी. न्हावा-शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात माझी नोकरी, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. त्यामुळे सरांचं राज्य मला जवळून बघायला मिळालं. राज्य म्हणते, कारण त्याला कायदे होते. बोलायचं ते समोर येऊन, उजेडात. एका वेळी एकानेच. तोंडात सुपारी असेल तर आधी थुंकून या. बोलणं सुरू झालं की पंखा बंद, मग मे महिना का असेना. पाठीमागून कुणी हाक मारली तर सर वळत नसत. असभ्यपणाला मी उत्तर देत नाही, म्हणत. एकदा वायरमन आला, त्याच्या मिशा ओठांवरून खाली उतरलेल्या. सरांनी त्याला परत पाठवलं. आधी मिशी कातरून या, मग वायरिंगचं बघू. तो बिचारा खरंच कातरून आला, कारण त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला सरांनीच शिकवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, माणसाला ऐकू येत नव्हतं, एवढं साधं तुला कळलं नाही? नाही कळलं. कुणालाच कळलं नव्हतं. उजेडात उभं राहून आधी विषय सांगितला की सर एकही शब्द चुकत नसत. उलट आपलंच वाक्य दुरुस्त करून परत द्यायचे. बहिरा माणूस म्हणजे कानामागे हात धरून 'काय? काय?' करणारा, एवढीच आपली अक्कल. सरांनी जन्मात कधी 'काय?' म्हटलं नाही. ते म्हणायचे, "पुन्हा सांगा, नीट." चूक नेहमी बोलणाऱ्याची.

त्यांचा सिद्धांत असा होता की महाराष्ट्र पुटपुटायला लागलाय. पूर्वी माणसं तोंड उघडून बोलायची, आता ओठांत बोलतात. मोबाइलने जबड्याची सवय गेली. त्यातही बायका आणि लहान मुलं पार बिघडली, पुरुष जरा बरे. आणि कान त्यांचे ठणठणीत असल्याचा त्यांच्याकडे पुरावा होता. तळ्यापलीकडे ट्रकने गिअर बदलला की ते सांगायचे, चढावर माल जास्त झालाय. आता आपल्याकडे विमानं उतरायला लागली, तर विमान मला दिसायच्या आधी सर मान वर करायचे. मात्र कुकर हल्ली शिट्ट्या देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मी खाली बसून वरच्या मजल्यावरच्या चार शिट्ट्या मोजलेल्या असायच्या. मला वाटायचं, म्हातारा चक्रम आहे, दुसरं काय.

सगळ्या तालुक्यात शुद्ध बोलणारी एकच व्यक्ती त्यांच्या मते उरली होती. जवळच्या कोन गावाहून येणारी भाजीवाली. ती गल्लीच्या तोंडाशी टोपली टेकवून ओरडली की तळ्यातली बदकं उडायची. दारात येऊन, सरांच्या पुढ्यात उकिडवी बसून, हात नाचवत सांगायची, "वालाच्या शेंगा हायेत. घ्यायच्या का नाय ते झटदिशी बोला, आमाला अजून चार घरं हायेत." आणि जन्मभर 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांतला 'ह' मुलांच्या वहीत लाल शाईने भरणारे सर माझ्याकडे वळून म्हणायचे, बघा, याला म्हणतात उच्चार. मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवायची.

काकूंच्या घशाचं प्रकरण मात्र चेष्टेचं नव्हतं. रोज सकाळी सहा वाजता वरच्या बेसिनमधून माझ्या डोक्यावर गुळण्या सुरू व्हायच्या. मीठ-हळदीचं गरम पाणी, तीन तांबे. सर शेजारी उभे राहून मोजायचे. मग ज्येष्ठमधाची काडी. मग मध-मिरी. दुपारी अडुळशाचा काढा. दही, ताक, लोणचं, कैरी, चिंच, सोलकढी, सगळं बंद. काकू माहेरच्या चिरनेरच्या. त्या बाजूच्या बाईला चिंच-कोकम तोडणं म्हणजे काय, हे खाणाऱ्यालाच कळेल. सहा वर्षं चाललं होतं हे. वसतिगृहातला वॉर्डनसुद्धा इतका कडक नसतो.

पण एक कबूल करायला हवं. त्या घशापायी सर काकूंना जितकं जपत, तितकं जपणारा नवरा मी बघितला नाही. चार वाजता चहा व्हायचा. त्या वेळी सर पंखा बंद करायचे, टीव्ही बंद करायचे, खिडकीचा पडदा सरकवायचे, काकूंची खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवायचे आणि समोर स्टुलावर बसायचे, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मग काकू हळूहळू, खालच्या आवाजात काहीबाही सांगायच्या आणि सर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत ऐकायचे. तासभर. मी दोनदा चहाला तिथे होते. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

गणपतीतली गंमत सांगते. गंमत कसली, मुलांचं रडं होतं ते. गल्लीच्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा असायची आणि परीक्षक कायमचे सर. मी आले त्या वर्षी पहिली-दुसरीतल्या पोरांनी माइकपुढे येऊन काय सुरेख भाषणं केली. एक दुसरीतली मुलगी तर एकदाही अडखळली नाही. सरांनी तिला उच्चारात दहापैकी दोन दिले. पहिला नंबर दिला नववीतल्या एका मुलाला, ज्याचा आवाज नुकताच फुटला होता, आणि जो भाषण विसरल्यामुळे एकच वाक्य तीनदा म्हणून खाली उतरला होता. सर म्हणाले, ठासून बोलला. दुसऱ्या दिवशी त्या लहान मुलीची आई तावातावाने वर आली. सरांनी तिला उजेडात उभं केलं, विषय विचारला, आणि ती रडत, धापा टाकत बोलायला लागल्यावर सांगितलं की मुलीला बोल लावू नका, दोष तुमचा आहे, तुम्हीही ओठांतच बोलता. ती बाई डोळे पुसतच खाली आली. मला सरांचा इतका राग आला की पुढचे आठ दिवस मी मुद्दाम अंधारात उभी राहून बोलले.

पुढच्या वर्षी मंडळाने परस्पर दुसरे परीक्षक आणले. सरांना कुणी कळवलं नाही. ते दुपारपासून पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून गॅलरीत बसले होते, शर्टाच्या खिशाला लाल पेन. खाली मांडवात स्पर्धा सुरू झाली, माइकवरून मुलांचे आवाज सगळ्या गल्लीत ऐकू येत होते. मी प्रसादाचं ताट द्यायला वर गेले होते. सरांनी विचारलं, खाली कसला आवाज चाललाय? काकूंनी त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवून सांगितलं की आरती चाललीय, स्पर्धा यंदा रद्द केली. सरांनी मान हलवली, खिशाचं पेन काढून टेबलावर ठेवलं, आणि शर्ट बदलायला आत गेले.

तिथे मला पहिल्यांदा खटकलं. खाली एक पोरगी 'आदरणीय परीक्षक, गुरुजन वर्ग' असं खणखणीत म्हणत होती. ती आरती कशी वाटेल कुणाला?

दोन-चार दिवसांनी सर वाचनालयात गेले असताना दुसरा धक्का बसला. मी घरून काम करत होते. अचानक वरच्या गॅलरीतून अशी हाळी आली की माझ्या हातातला चहा सांडला. "ए बाय! थांब गो! शेंगा हायेत का सपल्या?" भाजीवाली गल्लीच्या पार टोकाला पोचली होती, ती थांबली. मी बाहेर येऊन वर बघितलं. गॅलरीत काकू. घसा गेलेल्या काकू. तिथूनच त्यांनी शेंगांचा भाव पाडला, भाजीवालीच्या सुनेची चौकशी केली आणि शिळ्या पालकाबद्दल दोन शब्द सुनावले. मग खाली मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मी तडक वर गेले. काकूंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. घसा उत्तम आहे, म्हणाल्या, कधीच बिघडला नव्हता. सरांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं की हिचाच आवाज खाली गेला. काकूंनी आधी ओरडून बघितलं. ओरडलं की सर वैतागायचे, नुसता गलका येतो, शब्द येत नाहीत म्हणायचे. मग सरांनीच घशाचं निदान केलं आणि काकूंनी ते खोडून काढलं नाही. गुळण्या करू लागल्या. "त्यांना कळू द्यायचं नाय हां," एवढं मात्र त्यांनी मला बजावलं.

माझ्यातली समाजसुधारक जागी झाली. म्हटलं, ही बाई नवऱ्याचा अहंकार सांभाळायला सहा वर्षं मीठ-पाणी घशात ओततेय, आवडीचं खायचं सोडून बसलीय, आणि हा माणूस लहान मुलांना दहापैकी दोन देत फिरतोय. कुणीतरी मधे पडायला हवं. काकूंना मी चांगलं तासभर व्याख्यान दिलं. त्या शेंगा सोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, तू लहान आहेस अजून. त्याचाही मला रागच आला.

आणि तशातच सरांनी पेपरच्या पुरवणीत स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेवर काहीतरी वाचलं. मग काय विचारता. हिचं ऑपरेशन करायचं, मुंबईला न्यायचं, आधी इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची, असं ठरलंच. रात्र-रात्र झोप नाही म्हणाले मला. तिचं बोलणं रोज थोडं थोडं विझत चाललंय, एक दिवस पार बंद होईल, मग मी काय करू? हे सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज चिरकला. त्या दिवशी त्यांनी मला विषयसुद्धा विचारला नाही.

काकू बिनघोर होत्या. डॉक्टर घशात बघतील, काही नाही म्हणतील, परत येऊ. पण मी बिनघोर राहू दिलं असतं तर ना. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी त्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले आणि सगळं सांगून आले. चोंबडेपणा. दुसरा शब्द नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. सरांनी आल्याआल्या डॉक्टरबाईंना ट्यूबलाइटखाली सरकायला सांगितलं आणि त्या मुकाट्याने सरकल्या. काकूंच्या घशात नळी घालून बघितलं. घसा छान आहे म्हणाल्या. सर ऐकेनात. तेव्हा बाईंनी ठेवणीतली थाप मारली, की घशाच्या आजारात जोडीदाराचेही कान तपासायची पद्धत आहे, म्हणजे आवाज किती उतरला त्याचा अंदाज येतो. पद्धत म्हटल्यावर शिक्षक माणूस उठलाच. त्यांना काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत नेऊन बसवलं, कानावर ते मोठे हेडफोन चढवले. मी आणि काकू बाहेर बाकावर.

मला वाटलं काकू खूश होतील. सुटल्या बिचाऱ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काचेतून सरांकडे बघत होत्या.

"तूच सांगितलंस ना डॉक्टरला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग त्या बोलायला लागल्या, चिरनेरच्या बोलीत, त्यांच्या खऱ्या आवाजात.

"लगीन झालं तवा मी तोंड उघडलं की हे चूक काढायचे. 'आमी' बोलले की 'आम्ही' म्हण. 'नाय' बोलले की 'नाही' म्हण. मग मी बोलायचं कमी केलं. मग ह्यांनी पेपर धरला तोंडासमोर. चाळीस वर्सं मी पेपराशी बोलले. पेपर हूं हूं करायचा. कान गेले तवापासून हा मानूस माज्यासमोर बसतो, तोंडाकडं बघतो, पुन्हा सांग बोलतो. चुका त्यांना ऐकू येत नाय. मी माज्या आयशीसारखी बोलते त्यांच्याशी, बिनधास. चिंच सोडली त्याचं काय एवढं, गो? तेवढ्याच्या बदल्यात मिळालं मला हे सगळं. आता मशीन लावतील त्यांना."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आत तपासणाऱ्या मुलीने खूण केली, सरांनी बटण दाबलं. आणखी एक खूण, आणखी एक बटण. थांबवायची वेळ निघून गेली होती.

सर बाहेर आले ते भांडतच. त्या मुलीने कागदाने तोंड झाकून शब्द वाचले होते आणि सरांनी ते पुन्हा म्हणायचे होते. निम्म्याहून जास्त चुकले. कागद बाजूला करून वाचले तेव्हा जवळजवळ सगळे बरोबर. सरांचं म्हणणं, हेच तर मी सांगतोय, तोंड उघडून बोललं की येतं ऐकू. मुलगी पोरसवदाच होती, पण धीराची. तिने त्यांना उजेडात उभं राहून समजावलं. वयाने आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. म्हणून ट्रक ऐकू येतो आणि शिट्टी नाही. बोलण्यातले स्वर जाड, ते पोचतात. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक, ती वाटेत गळतात. म्हणून आवाज येतो पण बोलणं कळत नाही. बायका-मुलांचं आधी. गोंगाटात, पंख्याखाली आणखी. आणि ओरडलं तर जाडच आवाज वाढतो, गळलेली अक्षरं गळलेलीच. विषय आधी ठाऊक असला आणि ओठ दिसले, तर डोकं ती भरून काढतं.

"म्हणजे मी इतकी वर्षं दिवसभर 'गाळलेल्या जागा भरा' सोडवतोय," सर म्हणाले.

"हो सर. आणि फार चांगले मार्क आहेत तुम्हाला."

सर बाकावर बसले. मग हळूच विचारलं, त्या लहान मुलीचं भाषण... काकूंकडे बघितलं. गुळण्या, काढे, चिंच, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. काकू लुगड्याची निरी नीट करत होत्या.

डॉक्टरबाईंनी लगेच एक मशीन बसवून दाखवलं. काकू पुढे झाल्या. घाबरल्या होत्या हे मला दिसत होतं. म्हणाल्या, "कसं काय? येतंय का तुमाला ऐकू?"

"तुम्हाला," सर म्हणाले. "तुमाला नाही. तुम्हाला."

दवाखान्यातले सगळे हसले. काकूही हसल्या. मी बाहेर जाऊन रिक्षा बघायला लागले.

मशीनचं सरांनी गल्लीत फार ऐटीत समर्थन केलं. लोक काही सुधारत नाहीत, म्हणून मीच यंत्र घेतलं, म्हणाले. कुकरच्या शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या म्हणून कंपनीचं कौतुक केलं. आणि एक गोष्ट केली, ती मला सांगायलाच हवी. त्या लहान मुलीच्या घरी स्वतः गेले, मी वाटेत भेटले म्हणून मलाही बरोबर नेलं. तिच्या आईसमोर उभे राहून त्या मुलीला आपलं लाल पेन दिलं आणि म्हणाले, माझी तपासणी चुकली होती, तुझे दहापैकी दहा. तिने तिथल्या तिथे ते जुनं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. सरांचे डोळे भरले. मलाही वाटलं, चला, माझ्या चोंबडेपणाचं काहीतरी सोनं झालं.

पण चार वाजता वरचा पंखा आता फिरत असायचा. काकू ओट्याशी उभ्या राहून काही सांगायच्या, पलीकडून पेपराच्या आडून हूं यायचं. कधी हूंच्या आधी एखादी दुरुस्ती. मग काकूंचं वाक्य तिथेच संपायचं. गुळण्या बंद झाल्या, सकाळ शांत झाली. घरात चिंच आली, सोलकढी आली. एकदा काकूंनी मला चिंचेचं सार आणून दिलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, तू बरं करायलाच गेली होतीस. प्रमाण भाषेत म्हणाल्या, अगदी शुद्ध. मला ते जास्त लागलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. घरून कामाचा दिवस होता. चारला दहा मिनिटं असताना सर वाचनालयातून आले आणि जिन्यात, माझ्या दारासमोर थांबले. मी बघितलं, त्यांनी एका कानातलं मशीन काढलं, मग दुसऱ्या कानातलं. डबीत ठेवलं, डबी शर्टाच्या खिशात, पूर्वी लाल पेन असायचं तिथे. माझा तोल गेला. म्हटलं, हा काय नवीन हट्ट, आता ही बाई पुन्हा गुळण्या करणार. बाहेर गेले, खिडकीच्या उजेडात उभी राहिले आणि म्हटलं, "विषय, मशीन. वाक्य, ते काढू नका. काकूंचं बोलणं ऐकू येणार नाही."

सरांनी मला जवळ बोलावलं. त्यांना वाटत होतं ते हळू बोलतायत. सगळ्या जिन्यात घुमलं.

"मशीन असलं की हिचं बोलणं ऐकू येत नाही, बाई. चुका ऐकू येतात. आणि पाठ फिरवूनही ऐकू येतं, म्हणून मी वळून बघत नाही. पेपर वाचतो. महिनाभर प्रयत्न केला, जमलं नाही. कानाला मशीन आहे, स्वभावाला नाही निघालेलं. तेव्हा चार ते पाच मला बहिरंच राहू द्या."

मग एक पायरी चढून ते थांबले आणि वर तोंड करून ओरडले, "काय गं, घसा कसा आहे आज?"

वरून काकूंचा आवाज आला, शेतापलीकडे जाईल असा, गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकावा असा. "बसलाय! पार बसलाय, काय उठत नाय!"

मला तो अक्षर न् अक्षर ऐकू आला. सरांना आला नसणार, कारण ते घाईने वर गेले. पंखा बंद झाला, पडदा सरकला, आणि माझ्या डोक्यावर स्टूल ओढल्याचा आवाज झाला.